बी विंगचं मागचं दार

लंकाबाईच्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. मातोरीच्या मळ्यात तिचा उभा जन्म शेवंती आणि गुलाब खुडण्यात गेला, आणि खुडून उरलेला वेळ हार ओवण्यात. काट्यांनी, दोऱ्याने बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती आणि त्यावर झेंडूचा डाग बारमाही. रेशन दुकानातलं मशीनही तिचा अंगठा घ्यायला कुरकुर करायचं. नवरा गेल्यावर मुलगा ज्ञानेश तिला नाशकात म्हसरूळच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला आणि वर्षभरातच तिथल्या सोसायटीने दारांना अंगठ्याची मशीनं बसवली. सगळे रांगेत उभे राहिले. लंकाबाईची पाळी आली की लाल दिवा. मशीनवाल्या पोराने हात धुऊन यायला सांगितलं. ती साबणाने घासून आली, तरी लालच. मागचे लोक हसले, वाईट बुद्धीने नव्हे, पण हसले.

अंगठा नसेल तर कार्ड. कार्डं एका घराला दोनच. एक ज्ञानेशकडे, कारण त्याची अंबडच्या कारखान्यात पाळी असायची. दुसरं सुनेकडे, मनीषाकडे, ती पतसंस्थेत कामाला होती. दोघांचे अंगठेही चालत, पण पावसाळ्यात मशीन रुसलं की कार्डच उपयोगी पडायचं, म्हणून ते कुणी हातचं सोडलं नाही. तिसऱ्या कार्डासाठी ज्ञानेशने कमिटीला विचारलं. पुढच्या मीटिंगमध्ये बघू, असं उत्तर आलं. मग कार्डं संपली होती. मग ज्ञानेशच विसरला.

लंकाबाईचं फुलांचं काम मात्र सुटलं नव्हतं. धाकटा दीर मातोरीहून टेम्पो घेऊन सकाळी फुलबाजारात जायचा आणि जाता जाता बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत तिची पाटी उतरवायचा. ती खाली जाऊन पाटी आणायची, दिवसभर हार ओवायची, आसपासच्या घरांत आणि कोपऱ्यावरच्या मारुतीला द्यायची. हात चालू असले की तिला जेवण गोड लागायचं. अडचण एकच होती. बाहेर पडलं की बी विंगचं मागचं दार पाठीमागे बंद व्हायचं. मग पाटी डोक्यावर घेऊन सगळ्या बिल्डिंगला वळसा घालून पुढे जायचं. तिथे भारत वॉचमन असला तर तो दार उघडायचा. पण भारतला पाण्याची मोटारही बघावी लागायची, गाड्याही लावाव्या लागायच्या. मग ती पायरीवर बसून राहायची. ऊन चढायचं. मोगरा तर अर्ध्या तासात मान टाकतो.

आतून बाहेर पडायलाही कार्ड किंवा अंगठा लागायचाच. पूर्वी आतल्या भिंतीवर साधं बटण होतं. एके दिवशी दोन्ही दारांची ती बटणं पांढऱ्या डब्यांत गेली आणि डब्यांना कुलपं लागली. असं का केलं हे कुणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी केलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं सगळ्यांनी धरलं. लंकाबाई सकाळी मनीषाबरोबर खाली उतरायची, ती दार उघडून द्यायची आणि तशीच कामाला जायची. परत आत येणं हा लंकाबाईचा प्रश्न होता.

तो तिने एका सकाळी सोडवला. हार बांधायला तिच्याकडे केळीचं सोपट असायचंच, खोडाची वाळलेली, चिवट पट्टी. तिने ते भिजवलं, घडी केली आणि चौकटीत ज्या खाचेत दाराचा खटका बसतो तिथे दाबून बसवलं. दार लागलं, दिसायला अगदी बंद. पण खटका आत गेलाच नाही. खांद्याने ढकललं की उघडायचं. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. आपल्याच घरात तर जायचंय, ही काय चोरी आहे, असं ती मनाशी म्हणाली.

पहिले काही दिवस काम झालं की ती सोपट काढायची. मग कधी राहून जायला लागलं. नंतर तर ते दिवसभर तिथेच असायचं; सकाळी पायरीशी पडलेलं दिसलं की ती पुन्हा बसवायची. बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांना कळलं की मागचं दार ढकललं की उघडतं. दुपारचा दूधवाला तिथूनच यायला लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पाठीने दार ढकलायच्या. हे बरं झालं, असं त्या एकदा लंकाबाईला म्हणाल्याही. तक्रार कुणी केली नाही.

पहिल्या मजल्यावर कलाबाई राहायची. मूळची दिंडोरीची, द्राक्षबागाईतदाराच्या घरची. रोज लंकाबाईकडून एक हार घ्यायची. दोघींची बोली एक, म्हणून जरा गप्पा व्हायच्या, पण त्या दारातच. कलाबाई दार निम्मंच उघडायची, हार घ्यायची आणि आतून काही आवाज आला की लगेच लोटून घ्यायची. तिच्या नवऱ्याला, मोतीराम अण्णांना, गुडघ्यांचं दुखणं आहे असं ती सांगायची. लंकाबाईने त्यांना गॅलरीत बसलेलं पाहिलं होतं. पांढरी टोपी, स्वच्छ सदरा, नजर लांब कुठेतरी.

दसरा तोंडावर आला. झेंडूचे दिवस. दीर सकाळ-दुपार टेम्पो घेऊन येत होता आणि लंकाबाई जिन्यावरून वर-खाली करत होती. इकडे दिंडोरी रोडला बागांमध्ये छाटणी सुरू झाली होती. हवेत ऊन करकरीत होतं. त्या दुपारी ती जिन्याच्या पहिल्याच वळणावर पाटी घेऊन तोरणं ओवत बसली होती, घरात जागा नव्हती म्हणून. मध्येच दोरा संपला तशी ती वर गेली आणि पाणी पिऊन, थोडी टेकून परत आली. तेवढ्यात कलाबाईच्या घराचं दार सताड उघडं दिसलं आणि कलाबाई बाहेर येऊन इकडेतिकडे बघत होती. तिचा डोळा लागला होता. उठून बघते तर अण्णा नाहीत.

"हे कुठं दिसले का तुम्हाला?" तिने विचारलं.

लंकाबाईला नव्हते दिसले.

शेजारपाजारचे जमले. भारत धावत आला. कुणीतरी म्हणालं, रोडवर बघू. पण कलाबाईने मान हलवली. "खालची दारं बंद असतात. ह्यांच्याकडं कार्ड नाय, अंगठा लावायचं तर ह्यांना उमगतच नाय. हे बिल्डिंगीतच असतील." आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, तिला ते सांगावं लागलं जे तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांचं डोकं आता जागेवर नव्हतं. सकाळ झाली की बागेत जायचंय म्हणायचे, फवारणी राहिलीय म्हणायचे. पूर्वी एकदा असेच निघून गेले होते, बोरगडाच्या बाजूला सापडले. तेव्हा तिने सेक्रेटरींच्या हातापाया पडून ती बटणं बंद करून घेतली होती. लोक येडा म्हणतील म्हणून कुणाला सांगू नका, असंही तिनेच सांगितलं होतं.

लंकाबाईच्या हातातली सुई तशीच राहिली.

सगळे वर गच्चीकडे पळाले. लंकाबाई खाली गेली. मागच्या दारात सोपट जिथल्या तिथे होतं. तिने ते ओढून काढलं आणि दार लोटलं. खटका आत बसल्याचा आवाज आला. सोपट तिने ओच्यात खोचलं. हे सगळं तिच्या हातांनी केलं, तिला विचारलंसुद्धा नाही, असं ती पुढे मनीषाला म्हणाली.

ती वर आली. लोक पाण्याच्या टाकीची झाकणं उघडून बघत होते. लिफ्टच्या खोलीत बघत होते. सेक्रेटरी स्वतः मागच्या दारापाशी जाऊन आले आणि दार घट्ट बंद आहे, म्हणजे ते इमारतीतच आहेत, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मग एकेका फ्लॅटची बेल वाजवून विचारणं सुरू झालं. कलाबाई टाकीच्या काठाला धरून आत डोकावत होती आणि लंकाबाई तिच्याशेजारी उभी होती. तोंड उघडायचं एवढंच होतं. बऱ्याच वेळाने ती कशीबशी म्हणाली की एखाद्या वेळी कुणी जाता-येता दार उघडलं असेल, रोडला बघून या. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. भारतने मात्र तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, सायकल काढली आणि दिंडोरी रोडला लागला.

अण्णा सापडले ते दिवस मावळता मावळता. वस्ती संपून बागा सुरू होतात तिथे रस्त्याच्या कडेची पाण्याची चारी ओलांडताना ते आत पडले होते, म्हणून सायकलवरून जाणाऱ्या भारतला दिसले नव्हते. छाटणीला आलेल्या बायका घरी निघाल्या तेव्हा त्यांना ते दिसले. ओठ सुकलेले, कमरेखालून हलता येत नव्हतं, आणि तशाही अवस्थेत ते त्या बायकांना काडी कुठे कापायची ते सांगत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, उन्हात एवढा वेळ पडून राहायला नको होतं. लवकर सापडले असते तर निराळं झालं असतं.

दोन्ही दारांचे कॅमेरे कधीचे बंद होते, आणि मागचं दार घट्ट लागलेलं सेक्रेटरींनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हा अण्णा पुढच्याच दाराने गेले असणार, कुणाच्या तरी मागोमाग, आणि भारत तेव्हा मोटारीकडे होता, असं ठरलं. भारतने आपण मोटारीकडे होतो हे नाकारलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने त्याला काढलं. पेठकडचा माणूस, पन्नाशीचा. त्याने केबिनमधलं आपलं घोंगडं गुंडाळलं, डबा पिशवीत घातला. रोज सकाळचा चहा त्याला लंकाबाईच नेऊन द्यायची. जाताना ती गॅलरीत दिसली तसा तो खालून "येतो मावशी" म्हणाला. तिने हात वर केला.

त्यानंतर तिचं ओवणं थांबलं. पाटी यायची आणि फुलं तशीच सुकायची. दिराला तिने नको म्हणून सांगितलं. दसऱ्याला घराच्या दाराला तोरण मनीषाने विकतचं आणलं. ज्ञानेशला वाटलं, आईला बरं नाही. मनीषाला वाटलं नाही. तिने एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता सरळ विचारलं आणि लंकाबाईने सांगून टाकलं.

मनीषाने निवडलेली भाजी पाण्यात टाकली. मग म्हणाली की आता बोलून अण्णांचं हाड जुळणार नाही. ज्ञानेश घाबरला. प्रकरण पोलिसांत जाईल, लोक दारात उभं करणार नाहीत, आपल्याला इथेच राहायचंय, असं तो म्हणाला. तिसऱ्या कार्डाचं आपण विसरलो हेही त्याला आठवलं असावं, कारण तो आईकडे बघत नव्हता. दोघांनी तिला समजावलं. तिने मान डोलावली. पण भारत कुठे आहे एवढं शोधून दे, असं तिने मनीषाला सांगितलं.

भारत पेठ रोडच्या एका लग्नाच्या लॉन्सवर फाटकाशी बसलेला सापडला. मनीषाच तिला गाडीवर घेऊन गेली आणि थोडी लांब थांबली. भारतने खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. लंकाबाईने सगळं सांगायला सुरुवात केली तसा तो म्हणाला, "मला ठावं हाय मावशी. सांजच्याला ते मीच काढायचो."

तिला आधी समजलंच नाही. मग उमगलं. सकाळी ती सोपट बसवायची, आणि काढायचं विसरलं असं तिला वाटायचं तेव्हा ते रात्रभर तिथे नसायचंच. अंधार पडायच्या आत भारत काढायचा, दार लावायचा आणि सकाळी तिला सापडेल असं पायरीच्या कोपऱ्यात ठेवायचा. ते वाऱ्याने पडलं असं ती समजायची. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ती उन्हात ताटकळते हे त्याला बघवत नव्हतं. आणि अण्णांचं त्यालाही कुणी कळवलं नव्हतं. दार बंद ठेव एवढंच सांगितलं होतं. चोरासाठी असंल, असं त्याला वाटायचं.

"मग तुम्ही बोलला का नाही?" तिने विचारलं.

भारतने खांदे उडवले. तो म्हणाला, काढायला पाहिजे होतं ते दुपारी, मी सांजची वाट बघितली. माझंबी त्यात हायच. मग फाटकाकडे बघत त्याने एक गोष्ट सांगितली. त्याचा भाचा नाशकात कामाला होता आणि त्याच्याकडून गावी बातमी पोचली होती. ज्याच्या पहाऱ्यात म्हातारा हरवला तो वॉचमन, असं आता लोक म्हणत होते. "कामाचं काय, काम हितं बी हाय," तो म्हणाला. "पर ते नाव नको वाटतं."

परतताना लंकाबाई गाडीवर मागे बसून एवढंच म्हणाली की आता मला अडवू नका. मनीषाने अडवलं नाही.

ती आधी कलाबाईकडे गेली. अण्णांना नुकतंच घरी आणलं होतं. पलंगावर ते पडून होते आणि कलाबाई त्यांना चमच्याने पेज भरवत होती. त्या दिवशी पहिल्यांदा लंकाबाई त्या घराच्या आत गेली. ती खाली फरशीवर बसली आणि सांगितलं. सोपट, खाच, रोजचं जाणं-येणं, आणि शेवटी ते काढून घेऊन गच्चीवर गप्प उभं राहणं. कलाबाईचा चमचा थांबला नाही. पेज संपली, तिने अण्णांचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली.

"दार उघडं ठेवलं ते मी एखादवेळ सोडून दीन," ती म्हणाली. "तुम्हाला ठावं नव्हतं. पन मी टाकीत वाकून बघत होते, लंकाबाई. पाण्यात ह्यांची टोपी दिसती का म्हनून बघत होते. आन् तुम्ही माझ्याशेजारी उभ्या होत्या."

लंकाबाई उठली. कलाबाईने दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात सोसायटीची मीटिंग होती, पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. लंकाबाई कधी मीटिंगला गेली नव्हती. विषय संपत आल्यावर ती उभी राहिली आणि तिने तेच पुन्हा सांगितलं, कलाबाईचं नाव न काढता. भारतचा दोष नव्हता, हे तिने दोनदा सांगितलं. मग एकाने रागाने बोलायला सुरुवात केली की सगळ्यांच्या सुरक्षेशी खेळ केला, उद्या चोर शिरला असता. ते खरंच होतं आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. पण त्या ढकललेल्या दारातून जाणारे-येणारे बरेच तिथे बसले होते. मास्तरीणबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की दार लागत नाही हे मलाही माहीत होतं, मी महिनोन्‌महिने वापरलं, सांगितलं नाही. मग आणखी एकदोन हात हळूच वर झाले.

चौथ्या मजल्यावरची सायली एका दवाखान्यात नर्स होती. तिने वेगळाच प्रश्न काढला. आतलं बटण कुलपात घालून ठेवलंय, रात्री आग लागली तर कार्ड शोधत बसायचं का. सेक्रेटरी गोंधळले. एका माणसाच्या भल्यासाठी केलं होतं, त्यांनी सांगितलं. सायली म्हणाली, ते सगळ्यांना विचारून करायचं होतं, मग दुसरा काही मार्ग निघाला असता. सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. त्यांनी एका बाईचं गुपित राखलं होतं, आणि ते राखताना सगळ्या बिल्डिंगला कोंडून ठेवलं होतं.

बटणं कुलपातून बाहेर आली. कलाबाईच्या घराच्या दाराला घंटी बसली, दार उघडलं की वाजणारी, जरी आता अण्णा उठून जाणार नव्हते. घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कार्ड द्यायचं ठरलं आणि लंकाबाईलाही एक मिळालं. तिने ते घेतलं, पण ते हातात धरताना तिला लाज वाटली. एवढ्याचसाठी झालं होतं सगळं.

भारतला परत बोलवावं अशी तिची मागणी होती. सेक्रेटरींनी तिच्यासमोर एजन्सीला फोन करून सांगितलं की चूक त्याची नव्हती. मग तिने त्यांना भारतला स्वतः फोन करायला लावला, आणि तो गावाकडे सांगू शकेल असं, स्पष्ट शब्दांत, सेक्रेटरीसाहेबांच्या तोंडून ते वदवून घेतलं. भारत आला नाही. लॉन्सवर बरं आहे म्हणाला. आपल्याला परत तिथे उभं राहून रोज ते दार बघायचं नाही, हे त्याने सांगितलं नाही, पण लंकाबाईला ते ऐकू आलं.

तिला बिल्डिंगमध्ये कुणी वाळीत टाकलं नाही. उलट काही जण म्हणाले, हिंमत लागते असं बोलायला. ते ऐकलं की तिला जास्त त्रास व्हायचा. हिंमत गच्चीवर लागत होती, तेव्हा ती आली नव्हती.

थंडी पडली तेव्हा एका दुपारी कलाबाईच्या घरून निरोप आला. आंघोळीला जायचंय, घटकाभर बसता का. लंकाबाई गेली. अण्णांनी तिला पाहिलं आणि ती छाटणीच्या टोळीतली बाई आहे असं त्यांना वाटलं.

"आज कोणती ओळ?" त्यांनी विचारलं.

"कडेची," ती म्हणाली.

"काडीवर दोन डोळे ठेवून काप. घाई करू नको."

ती हो म्हणाली. तेव्हापासून ती रोज दुपारी जायला लागली. अण्णा रोज तिला ओळ विचारायचे, कधी ओरडायचे, कधी चहा सांगायचे. तिच्यामुळे आपण पलंगाला खिळलो हे त्यांना कधी कळणार नव्हतं, आणि त्यांच्या त्या स्वच्छ नजरेसमोर बसणं तिला टाकीपाशी उभं राहण्याइतकंच जड जायचं. तरी ती एक दिवसही चुकली नाही. कलाबाई कामापुरतं बोलायची. हार तिने पुन्हा मागितला नाही आणि लंकाबाईने विचारला नाही.

संक्रांतीनंतर एकदा अण्णा झोपले असताना कलाबाई त्यांच्या पायाला तेल लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मीबी लपवलंच होतं. सांगितलं असतं तर तुम्ही ते केलं नसतं."

"तुमचं लपवनं निराळं," लंकाबाई म्हणाली. "तुम्ही त्यांच्यासाठी लपवलं. मी माझ्यासाठी."

कलाबाईने तेलाचा हात थांबवला नाही. ह्याचा अर्थ काय घ्यायचा ते लंकाबाईला कळलं नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही. ती जायला उठली तेव्हा कलाबाईने मागून सांगितलं की उद्या व्यायाम करून घेणारा माणूस येणार आहे, एकटीला धरवत नाही, तेव्हा जरा लवकर या.